'लाइफ ऑन अर्थ' लावावी की 'प्लॅनेट अर्थ'?

दोन्ही बीबीसीच्या निसर्गमालिका, दोन्हींत आवाज डेव्हिड ॲटनबरोंचा, मधे 27 वर्षांचं अंतर. ('प्लॅनेट अर्थ'ची अमेरिकी आवृत्ती हाती लागली, तर निवेदन सिगर्नी वीव्हरचं असतं, घेताना बघून घ्या.) सुट्टीत मुलांसोबत एकच पुरी होणार असेल, तर आमच्या घरी काय झालं ते सांगतो.

चित्रात 2006 ची 'प्लॅनेट अर्थ' कुठल्या कुठे पुढे आहे. हिंदुकुशच्या कड्यावरून मारखोरामागे (पीळदार शिंगांची रानबकरी) सुटलेला हिमबिबट्या मी तीनदा मागे घेऊन पाहिला. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, तरी ती अकराही भाग बसून बघते. त्यापुढे 1979 ची 'लाइफ ऑन अर्थ' चौकोनी आणि फिकी. शिवाय गोष्ट उत्क्रांतीच्या क्रमाने, म्हणजे सस्तन प्राणी यायला नववा भाग उजाडतो. जेलीफिश बघून मुलाने "वाघ कधी येणार?" विचारलं आणि तो खेळायला पळाला.

तरीही माझं अडलं ते 'प्लॅनेट अर्थ'च्या संगीतापाशी. जॉर्ज फेंटन मोठा संगीतकार, त्याबद्दल वाद नाही. पण शिकारी नुसता दबा धरून बसला तरी वाद्यवृंद सुरू होतो, आणि पुढे काय होणार ते डोळ्यांआधी कानाला कळतं. रात्री तर निवेदन ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि व्हायोलिनं उसळली की कमी करायचा; रिमोट खाली ठेवायची सोय नाही. ताडोब्यात गेलेल्यांना माहीत आहे, गाडी बंद करून सगळे गप्प बसतात ते चितळाचा किंवा वानराचा कॉल, म्हणजे वाघ दिसल्यावरची इशाऱ्याची हाक, ऐकायला. वाघ आधी कानाला लागतो. ती शांतता इथे मिळत नाही.

'लाइफ ऑन अर्थ'मध्येही एडवर्ड विल्यम्स यांचं संगीत आहे, जरा विचित्रच, पण मला ते वाटेत आलं नाही. दुसरं म्हणजे ॲटनबरो इथे स्वतः समोर असतात. प्राणी केवढा, किती जवळ, हे माणूस शेजारी असल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. अर्थात हा माझ्या कानांचा दोष असेल. ज्यांच्या घरी मोठा पडदा आणि उत्तम स्पीकर आहेत, त्यांना कदाचित उलट वाटेल.

मुलं फारच कंटाळली तर सरळ बारावा भाग लावा. रवांडाच्या डोंगरात ॲटनबरो गोरिलांमध्ये बसले आहेत. अंगठा आणि बोटांची पकड समजावून सांगायला गेलेला माणूस कुजबुजत बोलतो, मग तेही सोडून देतो, कारण गोरिलाची पिल्लं त्याच्या बुटांशी खेळायला लागलेली असतात. आमचा मुलगा तेवढ्यासाठी परत आला, आणि मग सहाव्या भागातल्या बेडकांपर्यंत मागे गेला.