हॅझमॅट फी न लावणारं दुकान

अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणाऱ्या आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी माझ्या फसवणुकीची ही गोष्ट लिहितोय. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे केवळ किस्सा म्हणून वाचावं.)

गोष्ट २०२१ची. करोनाच्या काळात बंदुकांची विक्री अफाट वाढली होती आणि दुकानांतून प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी) आणि पावडर (काडतुसातली दारू) दोन्ही गायब झाले होते. आधी ३०-३५ डॉलरला मिळणारा हजार प्रायमरचा खोका लोक शंभर डॉलर आणि त्याहून जास्त देऊन घेत होते. मला हवी होती एच ४३५० नावाची रायफलची पावडर. माझी रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, आणि त्यासाठी नेमबाजीच्या रेंजवरचे निम्मे लोक तीच पावडर वापरतात.

यात एक अडचण असते, ती स्वतः काडतुसं न भरणाऱ्याला पटकन कळत नाही. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेत १००० यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १० इंच व्यासाचं असतं. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला ३० फुटांनी कमी पडला, तर तेवढ्यानेच ती पाच इंचांहून जास्त खाली लागते. म्हणजे नेम बरोबर, वारा बरोबर ओळखलेला, तरी दहा हुकले. म्हणून पावडर तोलून घ्यायची, क्रोनोग्राफ लावून वेग बघायचा, आणि वेग एकसारखे येईपर्यंत धीर धरायचा. एवढं करून लोड (पावडरचं नेमकं माप) जमला आणि पावडरचा लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप बदलली, की जळण्याची गती किंचित बदलते. पुन्हा कमी मापापासून सुरुवात. त्यामुळे मुरलेला माणूस एकाच लॉटचे ८ पौंडी डबे धरून ठेवतो. पौंडात ७००० ग्रेन. काडतुसाला चाळीसेक ग्रेन धरले तर एका डब्यात १३००-१४०० काडतुसं होतात. दोन डबे म्हणजे या कॅलिबरच्या नळीचं जवळजवळ अख्खं आयुष्य.

ज्यांनी मला गंडवलं त्यांना ही भूक नेमकी माहीत होती. वेबसाइटवर प्रत्येक डब्याखाली लिहिलेलं होतं, ‘सर्व डबे एकाच लॉटचे’. भाव टंचाईच्या आधीचा. सगळा माल शिल्लक. आणि ठळक अक्षरांत: शिपिंग मोफत, हॅझमॅट फी नाही.

या शेवटच्या ओळीवर जरा थांबा. पावडर आणि प्रायमर हा घातक माल, म्हणजेच हॅझमॅट. तो टपालाने पाठवायला कायद्याने बंदी आहे. खासगी कुरिअरच्या जमिनीवरच्या सेवेनेच जातो, आणि त्यासाठी प्रत्येक पार्सलमागे वेगळी हॅझमॅट फी पडते. म्हणून तर रेंजवरचे लोक एकत्र ऑर्डर टाकून ती वाटून घेतात. मोठी दुकानं कधीमधी सवलत म्हणून ही फी स्वतः भरतात, पण त्यासाठी मुदत असते आणि खरेदीची किमान रक्कम ठरलेली असते. दोन पौंडांच्या ऑर्डरलासुद्धा बारमाही फी न घेणारं दुकान सहसा नसतं, कारण तो खर्च कुणालातरी भरावाच लागतो.

पैसे भरायच्या पानावर क्रेडिट कार्डाचं चिन्ह होतं, पण ऑर्डर टाकल्यावर ईमेल आला की कार्डाची यंत्रणा तात्पुरती बंद आहे, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सेवा) पाठवा. नाव कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. वर सूचना: नोंदीत पावडर, प्रायमर असे शब्द लिहू नका, बँक व्यवहार अडवते. हे कारण पटण्यासारखं वाटतं, कारण काही पेमेंट कंपन्या बंदुकीशी संबंधित व्यवहार खरोखर नाकारतात. लबाडी अशीच असते, अर्ध्या सत्यावर उभी.

पैसे गेले. मग ट्रॅकिंग नंबर आला, कुठल्याशा न ऐकलेल्या कुरिअरचा. त्यांच्या पानावर पार्सल ‘विमानाने रवाना’ दिसत होतं. पावडर, विमानाने! पुढे ते ‘तपासणीसाठी अडवलेलं’ झालं आणि ६०० डॉलर विमा रक्कम मागितली गेली, माल पोचल्यावर परत मिळेल म्हणून. ती मी दिली नाही. नंतर डोमेनची नोंद तपासली, तर दुकान आणि कुरिअर दोन्ही वेबसाइट काही आठवड्यांपूर्वीच्या. तळाशी दिलेल्या पत्त्यावर नकाशात दातांचा दवाखाना.

बँकेचं म्हणणं सरळ होतं: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, झेल म्हणजे रोख रक्कम. क्रेडिट कार्ड असतं तर हरकत घेता आली असती. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आणि एफटीसी या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे तक्रार नोंदवली. दोन्ही ऑनलाइन होतात, फुकट होतात. पैसे परत आले नाहीत.

रेंजवरचा एक म्हातारा म्हणाला, सुटलास, माल आला असता तर जास्त भीती होती. त्याचं खरं आहे. सील तुटलेल्या डब्यात रायफलच्या पावडरऐवजी पिस्तुलाची झपाट्याने जळणारी पावडर असली, तर रायफल हातात फुटू शकते. ओळखीच्याकडूनही मी उघडा डबा घेत नाही.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक ईमेल आला. ‘आम्ही फसवणुकीचे पैसे परत मिळवून देतो’, आगाऊ फी क्रिप्टोत. माझ्या ऑर्डरची नेमकी रक्कम त्यांना ठाऊक होती, आणि ती मी त्या दुकानदाराखेरीज फक्त बँकेला आणि सरकारला सांगितली होती.