ट्रॅक्टरच्या नोटेचे पाच लाख

‘ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट आहे? नंबरात ७८६ आहे? पाच लाख मिळवा.’ अशी जाहिरात मोबाईलवर दिसली तर तिथे नंबर देऊ नका. माझ्या वडिलांचे यात २३,६०० रुपये गेले.

अण्णांनी नोटेचा फोटो पाठवला आणि लगेच फोन आला. माणूस मराठीत, अगदी अदबीने बोलणारा. रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं, त्यावर अण्णांचं नाव आणि नोटेचा नंबरसुद्धा. आधी नोंदणीचे १,१०० मागितले, मग जीएसटीचे ६,५००, मग ‘रक्कम घेऊन गाडी निघाली आहे, विम्याचे १६,००० भरा’. हे सगळं पाच लाखांबरोबर परत मिळणार होतं म्हणे.

ही नोट दुर्मीळ नाहीच. महात्मा गांधी मालिकेतल्या या नोटा भरपूर छापल्या गेल्या आणि आजही त्या पाच रुपयांनाच चालतात. नंबर सहा आकडी असतो, त्यामुळे ओळीने छापलेल्या दर हजार नोटांत एकीचा शेवट ७८६ ने होणारच. नंबराआधी चांदणी असलेल्या नोटेचंही असंच आमिष दाखवतात. छपाईत बिघडलेल्या नोटेऐवजी गड्डीत घातलेली ती बदली नोट असते, इतकंच.

जुन्या नोटांचे खरे संग्राहक आहेत, आणि ते चांगले पैसे देतातही. पण ते पाहतात घडी न पडलेला करकरीत कागद, छपाईतली चूक, एखादी जुनी सही. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (१९४३ ते १९४९) यांच्या सहीच्या नोटा ते आवर्जून शोधतात. असा माणूस नोट हातात घेऊन उजेडात धरून बघतो, आणि पैसे तो देतो. विकणाऱ्याने कशाचे भरायचे?

आपण असल्या व्यवहारात नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन कधीच मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केलं आहे. हे अण्णांच्या वयाच्या माणसांपर्यंत पोचलेलंच नाही, म्हणून घरात मोठ्याने वाचून दाखवा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, त्याच तासात. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकते. आमची तशीच गेली. आता अण्णांना ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त फाईलचे २,००० भरा’ असे फोन येतात. तीही त्याच टोळीची माणसं असतात किंवा त्यांच्याकडून नंबर विकत घेतलेली.