शिकवायला शिकवणारा वर्ग : इन्स्ट्रुमेंट ग्राउंड इन्स्ट्रक्टर प्रशिक्षणाचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका खासगी वर्गात मी यंदाच्या उन्हाळ्यात आठ रविवार काढले. ढगात किंवा अंधारात बाहेरचे काहीच दिसत नसताना केवळ उपकरणांवर विसंबून विमान कसे उडवतात, हे जमिनीवर, फळ्यापाशी उभे राहून शिकवणारा शिक्षक होण्याचे हे प्रशिक्षण होते. माझ्याकडे वैमानिकाचा परवाना आहे. पण कानाच्या दुखण्यामुळे वैद्यकीय प्रमाणपत्र अडकले आणि उडणे थांबले. ग्राउंड इन्स्ट्रक्टरला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, हे कळल्यावर बत्तीस हजार रुपये भरून मी जालन्याहून दर रविवारी सकाळच्या एसटीने येऊ लागलो.

पहिली तक्रार जाहिरातीबद्दल आहे. हा अभ्यासक्रम अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या परीक्षांसाठी आहे, आपल्याकडे तेच काम करणाऱ्या डीजीसीएच्या नव्हे, ही गोष्ट जाहिरातीत कुठेही लिहिलेली नव्हती आणि दुसऱ्या रविवारी कोणीतरी विचारले तेव्हा ती सांगण्यात आली. एफएए ग्राउंड इन्स्ट्रक्टरना बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि इन्स्ट्रुमेंट अशी तीन प्रकारची मानांकने देते. इन्स्ट्रुमेंटसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि दोन लेखी परीक्षा द्याव्या लागतात. एक अध्यापनाच्या मूलतत्त्वांची आणि दुसरी विषयाची. दोन्हींत प्रत्येकी ५० प्रश्न असतात व उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. तोंडी परीक्षा नाही आणि प्रात्यक्षिकही नाही. म्हणजे आयुष्यात एकदाही कोणाला काही न शिकवलेला माणूस कागदोपत्री शिक्षक होऊ शकतो. परीक्षेने सोडलेली ही जागा वर्ग भरून काढतो की नाही, याच मापाने मी त्याच्याकडे पाहिले.

विषयाच्या बाबतीत वर्ग खणखणीत आहे. सरांकडे भंगारातून मिळवलेला एक जुना अल्टीमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे उपकरण, आहे. त्याच्या मागच्या तोंडाला त्यांनी रबरी नळी आणि मोठी सिरिंज जोडली आणि दट्ट्या मागे ओढला, तसे आतला दाब कमी होऊन टेबलावर ठेवलेल्या अल्टीमीटरचे काटे भराभर वर चढले. मग त्यांनी नळी चिमटीत दाबून धरली आणि दट्ट्या आणखी ओढला, तेव्हा काटे जागच्या जागी थिजले. "हा झाला बुजलेला स्टॅटिक पोर्ट. विमान चढतंय, पण याला पत्ताच नाही," एवढेच ते म्हणाले. (स्टॅटिक पोर्ट म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत पोहोचवणारे विमानाच्या अंगावरचे छिद्र.) त्यावर परभणीच्या एका मुलाने विचारले, "सर, मग उतरताना वेग जास्त दिसेल की कमी?" सरांनी उत्तर न देता खडू त्याच्याच हातात दिला. पंधरा मिनिटे फळ्यावर चुकत-माकत तो स्वतःच उत्तराशी पोहोचला : वेगमापक समोरून आत शिरणाऱ्या हवेचा दाब याच स्टॅटिक दाबाशी ताडून वेग दाखवतो; आत आधीच्या, अधिक उंचीवरचा कमी दाब अडकलेला, बाहेर दाब वाढत चाललेला, त्यामुळे वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसणार. हे आता त्याच्या डोक्यातून जाणे नाही.

फिरत्या खुर्चीचा प्रयोगही असाच लक्षात राहिला. डोळे मिटून बसलेल्या मुलीला सरांनी एकसारख्या संथ गतीने फिरवले. थोड्या वेळाने "थांबली" असे ती खात्रीने म्हणाली, तेव्हा खुर्ची फिरतच होती. कानातल्या द्रवाच्या साक्षीवर विश्वास का ठेवू नये, हे सांगायला मग व्याख्यानाची गरज उरली नाही. खिडकीतून चिकलठाण्याला उतरणारे एखादे विमान दिसले की सर वर्ग थांबवून विचारत, "३ अंशांच्या उतारावर असेल आणि धावपट्टी ३ सागरी मैलांवर असेल, तर ते किती उंचीवर?" (साधारण ९५० फूट.) होल्डिंग पॅटर्न, म्हणजे पुढची परवानगी मिळेपर्यंत विमानाने ठरलेल्या मार्गावर घिरट्या घालणे, मात्र एका तासात उरकला गेला.

खरी निराशा अध्यापनाच्या मूलतत्त्वांनी केली. शिकण्याच्या चार पायऱ्या, म्हणजे घोकणे, समजणे, वापरणे आणि दुसऱ्या गोष्टींशी जोडणे, या आम्हाला चक्क घोकायला लावल्या. यातला विनोद वर्गात कोणाच्या ध्यानी आला नसावा. दोन रविवार नुसती प्रश्नपेढी वाचण्यात गेले. जे प्रथम शिकले जाते ते पक्के बसते, म्हणून पहिल्यांदा चुकीचे शिकवले तर पुसणे जड जाते, हा नियमही उत्तराचा पर्याय म्हणूनच आमच्यापुढे आला.

"प्रत्येकाला पाठ घेण्याची संधी" असे जाहिरातीत होते. चौदा जणांत माझ्या वाट्याला बारा मिनिटे आली. मी स्टँडर्ड रेट टर्न, म्हणजे ठरावीक गतीने घ्यायचे वळण, हा विषय घेतला : सेकंदाला ३ अंश, म्हणजे पूर्ण फेरीला २ मिनिटे. सरांनी मागच्या बाकावरून विचारले, "९० नॉट्सला किती बँक लागेल आणि १२० ला किती? आणि सारखीच का नाही?" बँक म्हणजे वळताना विमान किती अंश कलते ते. नॉट्समधल्या (तासाला सागरी मैल) वेगाच्या १५ टक्के हा ठोकताळा मला येत होता, त्यामुळे साडेतेरा आणि अठरा अंश हे आकडे मी लगेच सांगितले, कारण मात्र सांगता आले नाही आणि मी फळा पुसत वेळ काढला. बत्तीस हजारांपैकी सर्वाधिक मोल याच बारा मिनिटांचे होते, आणि असे पाठ प्रत्येकाला निदान चार मिळायला हवेत.

छापील टिपणांचे दोन हजार वेगळे घेतात. ते देऊ नयेत, कारण एफएएची हँडबुके तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि टिपणे त्यांतूनच उचललेली आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्याला अमेरिकेचीच पात्रता हवी आहे का, हे ठरवावे आणि पाठांची संख्या लेखी मागून घ्यावी. वर्ग संपल्यावरही मी आणखी दोन रविवार जाऊन पुन्हा तोच पाठ घेतला. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत आणि सरही दोन्ही वेळा मागच्या बाकावर येऊन बसले, हेही नोंदवले पाहिजे.