बिननावाचा टॅरँटुला: अमेरिकन समजून ठेवावा की इथला समजून?

मित्राचा भाचा खारघरला राहतो. त्याच्या रूममेटची बदली झाली आणि जाताना तो एक प्लास्टिकचा डबा याच्याकडे सोडून गेला. आत तळहाताएवढा तपकिरी कोळी. विकणाऱ्यानं 'कर्ली हेअर' या अमेरिकन जातीचा टॅरँटुला म्हणून दिला होता म्हणे. बिल नाही, कागद नाही, कुठून आला त्याचा पत्ता नाही. भाच्याचा फोन आला, "काका, ठेवू का? आणि ठेवला तर कसा?"

फोन मला, कारण कोलशेतच्या आमच्या घरात तीन टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, आहेत. (ठाण्यात कोळी म्हटलं की लोकांना आधी चेंदणी कोळीवाडा आठवतो. 'आमच्या घरी तीन कोळी राहतात' हे वाक्य मी आता जपून वापरतो.)

नावाच्या मागे आधी लागू नका. फोटो दाखवला की चार हौशी लोक पाच नावं सांगतात. पिल्लांचं तर विचारूच नका, नखाएवढी असताना बहुतेक सगळी सारखीच दिसतात. दुकानांतून वर्षानुवर्षं 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' म्हणून विकली गेलेली लाल गुडघ्यांची मेक्सिकन जात प्रत्यक्षात बहुतेक वेळा 'हॅमोरी' होती, हे २०१७ च्या शास्त्रीय फेरतपासणीत स्पष्ट झालं. म्हणून सुरुवातीला दोनच प्रश्न: हा अमेरिका खंडातला आहे की आशिया-आफ्रिकेतला? आणि हा जमिनीवर राहणारा आहे की झाडावर?

पहिल्या प्रश्नावर तुमची सुरक्षितता ठरते. अमेरिकेतल्या बहुतेक टॅरँटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. डिवचलं की ते मागच्या पायांनी केस उडवतात. कातडीला खाज सुटते ती सोसवते, पण केस डोळ्यात गेले तर तो नेत्रतज्ज्ञाचा मामला होतो. त्यांचं विष त्यामानानं सौम्य आणि स्वभाव सहसा संथ. आशियाई टॅरँटुलांकडे हे केस नसतात, त्यामुळे धावणं आणि चावणं हेच त्यांचं हत्यार. आपल्याकडच्या पोएसिलोथेरिया कुळीतला कोळी चावला तर स्नायूंत गोळे येतात, कधी कधी कित्येक दिवस येत राहतात. माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही, पण म्हणून डब्यात हात घालायचं कारणही नाही.

ओळखायचं कसं? पोटाच्या वरच्या बाजूला मागच्या अंगाला टक्कल पडलंय का पाहा. असेल, तर त्यानं केस उडवलेले असणार, म्हणजे पाहुणा अमेरिकन. टक्कल नसेल तर मात्र निष्कर्ष काढू नका; नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याचं पोट पुन्हा केसाळ होतं. शिवाय सामोपिअस ही कुळी अमेरिकन असून तिला खाजरे केस नाहीत आणि ती विजेसारखी पळते. कर्ली हेअर असेल तर अंगभर सोनेरी, वळलेले लांब केस दिसतील आणि चाल आळशी वाटेल.

इथल्या जातींच्या खुणा वेगळ्या. सह्याद्रीतल्या पोएसिलोथेरिया रेगॅलिसच्या अंगावर राखाडी-काळी नक्षी, पुढच्या पायांच्या आतून पिवळा रंग आणि पोटाखाली फिकट आडवा पट्टा असतो. ती झाडाच्या ढोलीत राहते. किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस बिळात राहते. तिच्या पोटावर वाघासारखे पट्टे असतात आणि ती डबाभर जाळं विणते.

यातलं काही जुळलं आणि कोळी 'येऊरच्या ट्रेकला सापडला' अशी कथा कानावर आली, तर तुलना तिथेच संपवा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथून प्राणी उचलणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आपल्याच मनानं जंगलात नेऊन सोडूही नका; तो नक्की तिथलाच आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

दुसऱ्या प्रश्नावर डबा ठरतो. जमिनीवरच्या कोळ्याला पसरट डबा लागतो: लांबी पायांच्या पसाऱ्याच्या साधारण तिप्पट आणि मातीपासून झाकणापर्यंतची उंची पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. या जड कोळ्यांचं पोट पातळ फुग्यासारखं असतं, उंचावरून पडला तर फुटून मरतो. झाडावरच्याला नेमकं उलट: उंच डबा, आत उभी साल आणि भरपूर हवा. बिळातल्याला खोल माती. जात कळेपर्यंत मी मधला मार्ग काढतो. मध्यम डबा, दहाएक सेंटीमीटर दाबलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एका भिंतीला तिरकी टेकवलेली साल आणि वर बेताची उंची. तीन-चार आठवड्यांत तो स्वतःच सांगतो. खणतो, सालीमागे वर जाऊन जाळं करतो, की मधोमध बसून राहतो ते पाहायचं. पहिल्या काही दिवसांचं धरू नका. नव्या घरात जमिनीवरचेही भिंती चढत फिरतात.

बाकी देखभालीत दोन्ही गटांत फारसा फरक नाही, फरक आपल्या हवेमुळे पडतो. ठाणे-नवी मुंबईत हीटर लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकोपीटवर बुरशी धरते. तेव्हा पाणी शिंपडणं बंद, पाण्याची वाटी मात्र भरलेली हवी, आणि डब्याला दोन्ही बाजूंनी भोकं. कोंदट ओलाव्यात झाडावरच्या अमेरिकन जाती लवकर मरतात. कर्ली हेअर बरंच काही सोसतो. मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा पुरतो. घरातलं झुरळ कधीही देऊ नका, कुणाच्या तरी पेस्ट कंट्रोलचं विष त्याच्या पोटात असू शकतं.

आणि डासांचं मशीन! आपल्याकडच्या घरांत पाळीव कोळ्याचा खरा शत्रू तोच वाटतो मला. त्यातलं औषध कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतं, आणि कोळी त्यातून सुटत नाही. कॉइल, स्प्रे, सोसायटीतली धूरफवारणी, सगळं त्यातच आलं. आमच्याकडे कोळ्यांच्या खोलीत मच्छरदाणी आहे. घरात सगळ्यांना चालणार असेल तरच पुढचा विचार करा.

कोळी पाठीवर उताणा पडला तर तो मेलेला नाही, कात टाकतोय. मेलेला कोळी सहसा सरळ बसलेला असतो, पाय पोटाखाली आवळलेले. उताण्याला हात लावू नका, डब्यातला रातकिडा तेवढा जपून काढून घ्या. कात टाकल्यावर सुळे पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही. ती टाकलेली कात मात्र सोन्यासारखी जपा. ओली असतानाच पोटाचा भाग उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नर-मादी कळते, आणि जातीचा अंदाजही फोटोपेक्षा भक्कम लागतो. मादी निघाली तर वीस वर्षांची सोबत, नर निघाला तर थोड्या वर्षांचा पाहुणा. ठेवायचं की नाही हे ठरवताना हा फरक मला जातीच्या नावाहून मोठा वाटतो.

एका ठिकाणी मात्र नावाशिवाय अडतं: कायद्यात. ब्रॅकिपेल्मा, कर्ली हेअरची कुळी आणि पोएसिलोथेरिया, तिन्ही साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नोंदणीत जात लिहावी लागते आणि आधीच्या मालकाकडून कोळी आला याचा कागद हवा. म्हणून विकत घेणाऱ्याला मी सांगतो, बिननावाचा स्वस्त कोळी घेऊ नका. नाव आणि बिल देणाऱ्याकडून महाग पडला तरी घ्या.

भाच्याच्या डब्यातला तर फुकट आलेला. मी रविवारी खारघरला जाऊन पाहिला. पोटावर टक्कल आहे, केस वळलेले आहेत, पण सोनेरी झाक मला हवी तितकी दिसली नाही. कर्ली हेअर असावा, ऐंशी टक्के. रूममेटला जुन्या विक्रेत्याकडून लेखी चिठ्ठी मागायला लावली आहे, मशीन हॉलमध्ये हलवलं आहे. कोळ्यानं दोन आठवडे काही खाल्लेलं नाही आणि टक्कल काळं पडत चाललंय, म्हणजे कात जवळ आली. तोवर डब्यावर मार्करनं लिहून आलोय: 'नाव माहीत नाही. हात घालू नका.'