हुद्दा न सांगता करून दिलेली ओळख : एका आत्मिक शिबिराविषयी

पुणे जिल्ह्यातील एका संस्थेने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी, भरवलेल्या तीन दिवसांच्या आत्मिक शिबिरास मी अलीकडेच जाऊन आलो. ‘ख्रिस्त हाच लाभ’ हा शिबिराचा विषय होता. पुढे तक्रारही करायची असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

पहिल्या संध्याकाळी घातलेली एक अट मला सर्वांत मोलाची वाटली. ओळख करून देताना नोकरी, हुद्दा, मुलांचे शिक्षण किंवा मंडळीतील पद यांपैकी काहीही सांगायचे नव्हते. नाव सांगून झाल्यावर बहुतेकजण अडखळले. मंडळीचा खजिनदार म्हणून केलेली बारा वर्षांची सेवा सांगता येणार नाही म्हटल्यावर प्रभूविषयी बोलायला आपल्यापाशी किती थोडे उरते, हे मलाही तेव्हाच कळले. देवाने आपल्यासाठी काय केले हे सांगण्याच्या आपल्या साक्षीच्या सभांत फ्लॅट, बढती आणि मुलाचा व्हिसा यांबद्दल उपकारस्तुती होते आणि ती रास्तच आहे. परंतु दानांची यादी लांबत जाते आणि दात्याचे नाव शेवटच्या वाक्यात येते.

बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाला दोन सत्रे दिली होती, आणि ती उत्तम झाली. बन्यामीन वंश, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्रदृष्टीने परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा) अशी पौलाने दिलेली यादी पापांची नसून प्रतिष्ठेची आहे, आणि तीच तो ‘केरकचरा’ लेखतो, याकडे पाळकांनी (धर्मगुरूंनी) लक्ष वेधले. शिक्षण वा उद्योग टाकाऊ आहे असा याचा अर्थ नसून देवासमोर उभे राहण्याचा आधार म्हणून ते निरुपयोगी आहेत, हा खुलासाही त्यांनी केला. तो नसता तर तरुण मुले भलताच बोध घेऊन घरी गेली असती.

पंडिता रमाबाईंवरील व्याख्यान मात्र पाऊण तासात उरकले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘सरस्वती’ पदवी, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, 1889 मध्ये विधवांसाठी काढलेले शारदा सदन, एवढे सारे पदरी असताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. शिबिराचा अवघा विषय या एका कबुलीत सामावलेला असताना तिला पाऊण तास, आणि कौटुंबिक अर्थनियोजनाला दोन तास, हा हिशेब मला समजला नाही.

राहण्याची व्यवस्था साधी, स्वच्छ होती. पिठले-भाकरी चांगली होती. गरम पाणी सहानंतर मिळत नसे. तीस माणसांच्या सभागृहात ध्वनिवर्धक कशासाठी होता, हे कळले नाही.

माझी तक्रार समारोपाची आहे. ज्या व्यासपीठावर तीन दिवस हुद्दे वर्ज्य होते, तेथेच देणगीदारांची नावे रकमांसह वाचली गेली, शाल व स्मृतिचिन्हे देऊन सत्कार झाले आणि एका पाहुण्यांच्या पदव्या सांगण्यातच बराच वेळ गेला. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी तेवढ्या वेळात फिलिप्पैकरांस पत्राचे चारही अध्याय वाचून काढले.

पुढील वर्षी मी पुन्हा जाणार आहे आणि इतरांनीही जावे असे सुचवतो. शेवटच्या दिवशी मात्र दुपारच्या जेवणानंतर लगेच निघावे.