तीन लाख गृहकर्जात भरावेत की हाताशी ठेवावेत?

माझा भाचा घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करतो. गेल्या महिन्यात त्याच्या शेजारच्या टीममधली सहा माणसे एकाच दुपारी लॅपटॉप जमा करून घरी गेली आणि त्याच आठवड्यात त्याचा बोनस खात्यात जमा झाला. आधीची शिल्लक धरून तीन लाख रुपये झाले. रविवारी तो नौपाड्याला आमच्याकडे आला, चहा निवेपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, हे सगळे कर्जात भरून मोकळा होऊ का?" त्याला दिलेले उत्तर इथे जरा विस्ताराने मांडतो, कारण डोक्यावर गृहकर्ज आणि मनात नोकरीची धास्ती अशी घरे ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात कमी नाहीत.

त्याचे कर्ज ४० लाखांचे, २० वर्षांचे, साडेआठ टक्क्यांचे असून हप्ता ३४,७१३ रुपये आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून दर पहिल्यापासून तोच होता असे धरले, तर पाच वर्षांनंतर मुद्दल सुमारे ३५ लाख २५ हजार उरते. हप्ता, सोसायटीचे मेंटेनन्स, शाळेची फी, किराणा, वीज आणि आईची औषधे असा न टळणारा खर्च महिन्याला ७२,००० रुपये होतो. सूनबाई, म्हणजे त्याची बायको, एका खासगी शाळेत शिकवतात आणि त्यांचा पगार ४०,००० आहे.

कर्जफेडीची बाजू कागदावर फार देखणी दिसते. आज तीन लाख भरले आणि हप्ता तसाच ठेवला, तर उरलेले १८० हप्ते १५२ वर येतात. म्हणजे २८ हप्ते वाचतात आणि भरलेली रक्कम वजा केली तरी व्याजात पावणेसात लाखांच्या आसपास बचत होते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल दंड आकारायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केलेली आहे. इथवर वाचणारा माणूस चेकबुक काढतोच.

मात्र ही बचत पदरात पडते ती पंधरा वर्षांच्या शेवटच्या टोकाला. नोकरी येत्या दिवाळीत गेली, तर आज भरलेल्या तीन लाखांचा पुढच्या महिन्याच्या हप्त्याला काहीही उपयोग नाही, कारण ती रक्कम आगाऊ हप्ते म्हणून जमा होत नाही. ती मुद्दलात विरघळते आणि परत मागता येत नाही. मुदत न घटवता हप्ता कमी करून घेतला, तरी महिन्याला जेमतेम २,९५० रुपयांचा दिलासा मिळतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज ठरवते, आणि त्यानंतर थकबाकी भरा नाहीतर घर ताब्यात घेऊ, अशी ६० दिवसांची नोटीस काढू शकते. गेल्या वर्षी तीन लाख भरले होते, ही सबब तिथे चालत नाही.

आता मुदत ठेवीची बाजू. साडेसहा टक्के व्याज धरले, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती कर आणि उपकर जाऊन साधारण साडेचार टक्के उरतात. म्हणजे तीन लाखांवर वर्षाला १३,४०० रुपये मिळतात, तर तेवढ्याच रकमेवर कर्जाचे व्याज २५,५०० जाते. फरक १२,००० रुपयांचा, म्हणजे महिन्याला हजाराचा. भाच्याला मी हा आकडा कागदावर दोनदा लिहायला लावला, कारण "एवढे व्याज फुकट जाते" म्हणून जी हळहळ असते तिची खरी किंमत एवढीच आहे. या हजार रुपयांत तीन लाख कोणत्याही दिवशी हाताशी राहतात. (नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही, म्हणून तो मुद्दा इथे धरलेला नाही, जुन्या प्रणालीत असणाऱ्यांचा फरक आणखी कमी भरू शकतो.)

हे तीन लाख पुरणार किती दिवस? भाच्याने ७२,००० ने भागले आणि चार महिने म्हणून मान खाली घातली. तो हिशेब चुकीचा होता. त्याची नोकरी गेली तरी सूनबाईंचा पगार येत राहील, तेव्हा दरमहा खड्डा पडेल तो ३२,००० चा, आणि तीन लाखांत असे नऊ महिने निघतात. दोघेही एकाच धंद्यात असते, तर मात्र मी पूर्ण ७२,००० च धरले असते, कारण मंदी येते तेव्हा ती अख्ख्या धंद्यालाच गाठते. वागळे इस्टेटमधला माझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा ग्रॅच्युइटी हातात यायला दोन वर्षे लागली होती. शेजारच्या दोन कारखान्यांतही तेव्हा भरती नव्हती. आईने त्या काळात दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिला. एक लिटरचे पाऊण आणि पाऊणचे अर्धा कधी झाले, ते तिथे अजून वाचता येते. आमच्यावर कर्ज नव्हते म्हणून निभावले.

ठेव कुठे ठेवावी, याचाही विचार हवा, कारण पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून लहानशा पतपेढीत पैसे टाकणारे आपल्याकडे पुष्कळ. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो एक लाखच होता. पतपेढीच्या ठेवीला हे संरक्षण नाही. सहकारी बँकेला ते आहे, पण सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला एक हजार रुपयेच काढता येत होते. ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. विमा असला तरी तेवढ्या दिवसांत तीन हप्ते येऊन जातात. म्हणून अडीअडचणीचा पैसा मोठ्या बँकेत, आणि जमल्यास दोन बँकांत विभागून ठेवावा. एकच तीन लाखांची ठेव करण्याऐवजी लाख-लाखाच्या तीन केल्या, तर गरजेला एकच मोडावी लागते आणि मुदतपूर्व मोडण्याचा अर्धा-एक टक्क्याचा फटका तेवढ्यापुरताच बसतो. ठेव नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येईल अशी असावी.

तिसरा मार्ग ओव्हरड्राफ्टच्या धर्तीवरच्या गृहकर्जाचा. तिथे जादा भरलेली रक्कम खात्यात राहते, तेवढ्यावर कर्जाचे व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ती परत काढता येते. ऐकायला दोन्ही बाजूंची सोय वाटते आणि बऱ्याच अंशी ती खरीही आहे. मात्र अशा कर्जाचा दर थोडा चढा असतो, आणि तो उरलेल्या साऱ्या कर्जावर लागतो. भाच्याचे तीन लाख वजा जाता ३२ लाख २५ हजारांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला सुमारे ८,१०० रुपये. कर्जाच्या वाचलेल्या २५,५०० व्याजातून ते वजा करता लाभ १७,४०० उरतो, म्हणजे ठेवीपेक्षा चारएक हजारांनी जास्त. चालू कर्ज तिकडे वळवण्याचा खर्च निघाला की हा फरक पहिल्या वर्षी उरत नाही. नवे कर्ज घेणाऱ्याने मात्र आधी याचीच चौकशी करावी. माझी शंका दुसरीच आहे. फोनवर जी रक्कम "उपलब्ध शिल्लक" म्हणून रोज दिसते, ती गणपतीत सोफा बदलताना आठवते.

लिक्विड फंड, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड, ठेवीला चालण्याजोगा पर्याय आहे. पैसे साधारणतः पुढच्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. सोने मी या हिशेबात धरत नाही. गोखले रोडवरून घेतलेल्या दागिन्यावर तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ पहिल्याच दिवशी जाते, आणि विकायची वेळ आली की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

एक खर्च मात्र या तिन्ही मार्गांच्या आधीचा आहे. भाच्याच्या कुटुंबाचा आरोग्यविमा कंपनीचा आहे आणि नोकरीबरोबर तो जातो. स्वतःची पॉलिसी नोकरी असतानाच घ्यावी, कारण अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसते आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला आहे. त्याला आलेले कोटेशन पंचवीस हजारांच्या आतले होते.

सूनबाईंनी महिनाभराचे धान्य भरून ठेवू का, असे विचारले. मार्च २०२० मध्ये आम्ही घाबरून पन्नास किलो तांदूळ आणला होता आणि पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागले, एवढेच मी सांगितले.

भाच्यासाठी माझा कौल असा पडला: पंचवीस हजार विम्याला, पावणेतीन लाख तीन ठेवींत, आणि कर्जात यंदा एक रुपयाही नाही. उरलेली रक्कम साडेआठ महिन्यांचा खड्डा भरते. हीच रक्कम सूनबाईंच्या भावाकडे असती, तर मी उलट सांगितले असते. तो महापालिकेत कायम नोकरीत आहे, बायकोही सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, आणि त्यांच्याकडे चार महिन्यांचा खर्च आधीच बाजूला आहे. त्याने तीनही लाख कर्जात भरावेत.

कर्जाचे ओझे घटवण्याची एक सोय भाच्याला पैसे न भरताही मिळते. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते आणि ज्याच्यामागून बदलत्या दराची गृहकर्जे हलतात तो दर, मे २०२२ मधल्या चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा अनेकांचे हप्ते तेच राहिले आणि मुदत नकळत लांबली. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात तो एक टक्क्याने खाली आला. दर उतरल्यावर हप्ता कमी करून न घेता तसाच ठेवला, की मुदत आपोआप घटते. बँकेने यातले काय केले आहे, हे परतफेडीचे नवे वेळापत्रक मागवल्याशिवाय कळत नाही. भाच्याने ते सोमवारी मागवले. मुदत घटलेली होती, सात महिन्यांनी.