जुनी येझदी दुरुस्तीला काढताय? डायनॅमो भरायचा की बारा व्होल्ट, जुने शू की नवे

कोरेगावच्या मेव्हण्याकडे त्याच्या वडिलांची येझदी मोटारसायकल आहे, 1973-74 च्या आसपासची. पंधरा वर्षं गोठ्यात कडब्याआड उभी होती. इंजिन फिरतं, लाइट नाही, ब्रेक नावापुरते. परवा फोन आला, "दाजी, डायनॅमो भरून घेऊ की सरळ बारा व्होल्टचं किट टाकू? ब्रेकचे शू तर नवेच टाकतो, विषयच नाही." फोनवर मी हो-नाही करत राहिलो. खरं म्हणजे पहिल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत. ज्याचा "विषयच नाही" तिथंच तो चुकतोय.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा बनत होत्या, 1973 पासून टाकीवर येझदी नाव आलं आणि 1996 ला कारखानाच बंद पडला. म्हणजे आज दुकानात दिसणारा पार्ट एकतर कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना स्टॉक असतो, नाहीतर नंतर कुणीतरी बनवलेली नक्कल. आपल्या साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायची, त्यामुळे स्कूटरचे जुने मिस्त्री अजून भेटतात. जावा-येझदीसाठी मात्र पुण्याची नाना पेठ किंवा रविवार-बुधवारचा जुना बाजार पालथा घालावा लागतो.

लाइटचं गणित

मूळ डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, 6 व्होल्ट, 45 वॅटचा. हेडलाइटचा बल्बच 35 वॅट खातो. त्यात टेललाइट आणि इग्निशन कॉइल धरली की कमाई संपली, हॉर्न आणि ब्रेकलाइट बॅटरीच्या उधारीवर. दिवसा काही वाटत नाही. रात्री मंद चालवली की बॅटरी बसत जाते.

पण "सहा व्होल्ट म्हणजे मेणबत्ती" असं जे म्हणतात, त्यात निम्मा दोष गंजलेल्या जोडांचा असतो. एखाद्या जोडात अर्धा व्होल्ट गेला तर बारा व्होल्टच्या गाडीत तो 4 टक्के, सहाच्या गाडीत 8. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार भराभर पडतो. 8 टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास पाव हिस्सा उजेड गेला. हल्ली फ्रेमला पावडर कोटिंग करून आणतात, गाडी नवरीसारखी दिसते आणि त्या कोटिंगखाली अर्थिंग (फ्रेममधून बॅटरीकडे परतणारी वाट) मरतं. म्हणून पैसे काढायच्या आधी हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं हेडलाइटच्या अर्थला लावा. काट्यात पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर डायनॅमोला शिव्या घालू नका, जोड घासा.

एवढं करूनही चार्जिंग होत नसेल तर दोन वाटा.

आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) भरून घेणं, म्हणजे त्यावर नवी तार गुंडाळून घेणं, स्वस्त पडतं. पंपाच्या मोटारी भरणारा प्रत्येक जण हे करेल असं नाही, पण जिल्ह्यात एखादा हमखास सापडतो. कम्युटेटर (कार्बन ब्रश जिथं घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर हलका मारून घ्यायचा, पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडायचा (हे बरेच जण विसरतात आणि महिन्यात कार्बन खलास होतात), कार्बन नवे टाकायचे आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या जुन्या कटआउटच्या डबीत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवायचा. बाहेरून काहीच कळत नाही. ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट राहतात, म्हणजे 0.4 मिमीचा गॅप अधूनमधून बघणं आलं. पण पॉइंट बिघडला तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो.

बारा व्होल्टचं किट म्हणजे डायनॅमोच्या जागी चुंबकाचा फिरता रोटर, स्थिर कॉइलचा स्टेटर, सीडीआय (पॉइंटच्या जागी ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर. व्हेपसारखी चेक किटं चांगली चालतात. बॅटरी मेली तरी किकवर गाडी सुरू होते, हे त्यातलं खरं सुख. मूळ गाडीत बॅटरी बसली की ढकलत पळायचं. मात्र खर्च रिवाइंडिंगच्या कितीतरी पट, शिवाय बल्ब, हॉर्न, फ्लॅशर, बॅटरी सगळंच बदलतं. आणि सीडीआय गेला तर त्या दिवशी गाडी टेम्पोतून घरी.

सहा व्होल्टवरच एलईडी बल्ब लावणं ही मधली वाट. लोड बराच कमी होतो. फक्त जुन्या बल्बला प्लस-मायनस कळत नव्हतं, एलईडीला कळतं. झोत कसा पडतो ते मात्र रात्री भिंतीवर बघूनच घ्या.

माझं मत विचाराल तर रविवारी सकाळी फिरवायची असेल तर आर्मेचर भरा. रात्रीचं कोरेगाव-सातारा करणार असाल तर किट घ्या, पण जुना डायनॅमो तेलाचा हात मारून डब्यात ठेवा आणि जुनी वायरिंग कापू नका, अख्खी उतरवून ठेवा. मग उद्या मन फिरलं तरी दोन तासांत मूळपदावर येता येतं. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज नोंदणी मिळते, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण गाडी मूळ रूपात लागते, आणि त्या नोंदणीवर रोजची ये-जा चालत नाही. तो विचार असेल तर मोडतोड नकोच.

ब्रेक

इथं मूळपदावर येता येत नाही. ड्रममधून, म्हणजे शू ज्याच्या आतून घासतात त्या गोलातून, काढलेलं लोखंड परत चिकटत नाही.

मी स्वतः आधी लाइटवर पैसे घातले. झोत झकास पडला, म्हणून कासवरून परत यायला अंधार केला. यवतेश्वरच्या उतारावर दोन वळणांत पुढचा ब्रेक गरम होऊन हातात आला. टू-स्ट्रोकला इंजिनब्रेकिंग जवळजवळ नसतंच, सगळा भार शूवर. घरी चाक काढलं तर एका पेठेतून आणलेले नवेकोरे शू फक्त मधल्या दोन बोटांवर घासलेले. कडा दुकानातल्यासारख्याच.

कारण साधं आहे. पन्नास वर्षांत ड्रम झिजून मोठा होतो, त्यात ओव्हल होतो. तो लेथवर मारला की आणखी मोठा होतो. नवे शू मात्र कोऱ्या ड्रमच्या मापाचे. मोठ्या गोलात छोटा गोल टेकणार कुठं? मधेच. खेरीज नकली शूचं ओतकाम आणि कॅमकडचं (शू बाहेर ढकलणाऱ्या खिट्टीकडचं) टोक कधीकधी बसतच नाही.

जुने मूळ शू असतील, चिरलेले नसतील, तर त्यांच्यावर थोडा जाड लायनर (घासणारा थर) चिकटवून घ्या आणि तो ड्रमच्या नव्या मापाला लेथवर मारून घ्या. हाच एक उपाय पूर्ण टेकवतो. रिव्हेटपेक्षा भट्टीत चिकटवलेला लायनर मला पटतो, कारण रिव्हेटचं डोकं ड्रमला लागायच्या आतच लायनर बदलावा लागतो. नवे शू तेव्हाच घ्या जेव्हा जुने हरवले आहेत, आणि तेही आधी ड्रमला लावून बघून. लायनरवर खडू फासा, चाक फिरवून ब्रेक दाबा, उघडा. खडू कुठून पुसला ते दिसेल.

क्रम मात्र चुकवू नका. आधी चाकाच्या रिंगचा बेंड काढून तारा पूर्ण ताणायच्या, मग ड्रम मारायचा. तारांच्या ताणाने हब (चाकाचा मधला भाग, ड्रम त्यातच असतो) किंचित ओढलं जातं. उघड्या हबवर गोल केलेला ड्रम तारा भरल्यावर पुन्हा ओव्हल होऊ शकतो. म्हणजे 16 इंची रिंगेसकट चाक बसेल असा मोठा लेथ हवा. एमआयडीसीत विचारा, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात. आणि टर्नरला बजावून सांगा की साफ होईल तेवढंच घे, चकचकीत करू नकोस. हब ॲल्युमिनियमचं, आत लोखंडाची रिंग आहे, ती पातळ करून चालणार नाही.

जुन्या लायनरच्या भुशात ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कब्रेक बसवायचं खूळ कुणी डोक्यात घालेल. फोर्क बदला, हब बदला, वर आरटीओचा प्रश्न. सोडून द्या.

मेव्हण्याला कळवलंय, डायनॅमो राहू दे महिनाभर. आधी दोन्ही चाकं तारा ताणून घेऊन ये, जुने शू भंगारात दिले असशील तर आजच परत आण.